दोन्ही बाजूंनी अनंत

२ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं पत्र मिळालं. आता फोन करत जाऊ नकोस. फोनवर तुझं बोलणं मला विहिरीतून आल्यासारखं येतं, आणि मी "हो हो" म्हणते ते कशाला म्हणते मलाच ठाऊक नसतं. मागच्या वेळी असंच कशाला तरी हो म्हटलं आणि तुझ्या बापाने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तेव्हा लिहीतच जा. तिसरीपर्यंत शिकले, तेवढ्यात तुझं अक्षर लागतं. माझं तुला लागत नसेल तर तुझं शिक्षण वाया गेलं म्हणायचं.

जूनमध्ये तुला त्या कॉलेजात नोकरी लागते, राहायला तळमजल्यावर दोन खोल्या मिळतात आणि त्यातली एक माझी, हे पक्कं ना? पुन्हा विचारते, कारण इथले चार मजले आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत. गेल्या महिन्यात एकदाच खाली उतरले, तेही परत वर यायचंय हे विसरून. तुझा बाप चांगला आहे, तुझी आईही वाईट नाही. पण घर त्यांचं आहे. मी त्यात ठेवलेल्या कपाटासारखी आहे. कुणी ढकलत नाही, पण जो तो वळसा घालून जातो.

तुझ्या आईचं कपडे दुरुस्तीचं काम वाढलंय. हॉलमध्ये शिलाई मशीन, खुर्च्यांवर परक्या लोकांच्या पँटी. परवा तिने माझ्या खोलीत येऊन टेप लावून भिंत मोजली. म्हणाली, सहज. सहज कुणी भिंत मोजत नाही. मी म्हटलं, खिडकीची बाजूपण मोजून घे, उजेड तिकडून येतो.

तुझा बाप कामावर, बसडेपोत सांगत फिरतो, पोरगी डॉक्टर होणार. मग लोक गुडघेदुखीवर औषध विचारतात. मी सांगते, गणितातली डॉक्टर. तर असे बघतात की मी जणू तू तुरुंगात आहेस म्हटलं. इतकी वर्षं तिथे बसून तू नेमकं काय केलंस ते लिही. मला कळेल असं लिही. ज्या माणसाबरोबर राहायचं ते दिवसभर काय करतं एवढं तरी माहीत हवं.

आजी


११ फेब्रुवारी

आजी,

पक्कं आहे. प्रबंध लिहून झाला, बाईंनी सही केली, परीक्षकांकडे गेलाही. एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा. ती झाली की डिग्री, डिग्री दाखवली की नोकरी, नोकरी लागली की तुझी खोली.

बाई म्हणजे माझ्या मार्गदर्शक. यंदा निवृत्त होतायत, मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. त्यांची एक रीत आहे. प्रबंध देण्याआधी तो त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचा, ओळ न ओळ. त्या डोळे मिटून ऐकतात. पटलं की "पुढे" म्हणतात, नाही पटलं की "का?" त्यांच्या एका "का"पायी मी एकदा आठवडाभर फळ्यापुढे उभी होते. यंदा हिवाळ्यात सगळा वाचून झाला. शेवटाकडे त्या इतक्या थकल्या होत्या की "पुढे" नुसतं ओठांनी म्हणायच्या.

आता मी काय केलं ते. टेबलावर चेंडू ठेव आणि तो जागच्या जागी फिरव. जितक्या प्रकारे फिरवता येईल त्या सगळ्या फिरवण्यांचा मिळून एक ग्रुप होतो. एक फिरवणं केलं, त्यावर दुसरं केलं, तरी ते फिरवणंच. उलटं फिरवलं की चेंडू परत होता तसा. आता फिरवण्याची नुसती सुरुवात घे, बोटाने किंचित ढकलल्यासारखी. अशा ढकलण्यांचे आपापसातले नियम म्हणजे ली अल्जेब्रा. ली हे ज्याने हा विषय काढला त्याचं आडनाव. चेंडूचं सोपं आहे. ढकलत राहिलं की पुरं फिरवणं मिळतं, म्हणजे ढकलण्यांवरून ग्रुप बांधता येतो.

माझं अल्जेब्रा अनंत मितींचं आहे, ढकलायच्या दिशा संपतच नाहीत. नियम सगळे माहीत आहेत, पण चेंडूच नाही. नुसत्या नियमांवरून ग्रुप बांधायचा. एक जिना डोळ्यांपुढे आण, वरही संपत नाही आणि खालीही. काही ढकलण्या अशा असतात की कुठल्याही पायरीवरून सुरू करा, थोड्या पायऱ्यांनी त्यांचा जोर संपतो. त्या गुणी. त्यांच्यापासून ग्रुप सरळ बांधता येतो. बाकीच्यांचा जोर संपत नाही. त्यांच्यासाठी आम्ही न संपणाऱ्या बेरजा चालवून घेतो, पण फक्त वर जाणाऱ्या. मग कुठल्याही पायरीवर खालून मोजकंच येऊन पोचतं आणि तिथला हिशेब लागतो. तसाच फक्त खाली जाणाऱ्यांचाही लागतो. असे दोन मोठे ग्रुप झाले. शेवटच्या प्रकरणात मी दाखवलंय की हे दोन्ही आणखी एका मोठ्या ग्रुपमध्ये बसतात, ज्यात वर जाणाऱ्याही बेरजा आहेत आणि खाली जाणाऱ्याही. म्हणजे तू एका पायरीवर उभी राहिलीस, तर तिथे खालून न संपणारं येतंय आणि वरूनही

आजी, इथे थांबते. नंतर लिहिते.

मुंगी


२० फेब्रुवारी

मुंगे,

वाक्य अर्धं सोडून कुणी पत्र पोस्टात टाकतं का? दारात कोण आलं होतं? जेवायला हाक मारली असेल तर ठीक. एखादा पोरगा असेल तर त्याला सांग, माणूस वाक्यात असताना बोलावू नये. आणि त्याला नोकरी आहे का तेही विचारून ठेव.

चेंडूपर्यंत सगळं कळलं. न संपणारा जिना मला कुणी समजावून द्यायला नको, मी चौथ्या मजल्यावर राहते. त्यापुढचं कळल्यासारखं केलं. गुणी ढकलण्या तेवढ्या लक्षात राहिल्या. घरात त्या असत्या तर बरं झालं असतं.

मी सामान बांधलं. दोन पेट्या भरल्या, तिसरीत काय घालावं सुचेना, म्हणून रिकामी राहिली. तुझ्या आईने लगोलग मशीन माझ्या खोलीत नेलं. मी म्हटलं ने. जूनची वाट बघत तिची गिऱ्हाइकं का ताटकळतील. खाट दुमडून गॅलरीत उभी केली आणि मी हॉलमधल्या सोफ्यावर आले. सोफ्याची एक स्प्रिंग वर आलीय, ती बरोबर बरगडीखाली येते. काही महिन्यांचा प्रश्न आहे.

उरलेलं वाक्य पाठव.

आजी


६ मार्च

आजी,

दारात कुणी नव्हतं. चूक होती.

उरलेलं वाक्य असं. त्या एका पायरीवर खालून न संपणारं येतं आणि वरूनही, आणि तिथे आकड्यांचा ढीग जमतो. त्याचा कितीही केलं तरी एक आकडा होत नाही. म्हणजे तिथला हिशेब लागत नाही. म्हणजे माझा तो सगळ्यांत मोठा ग्रुप नाहीच. नसलेल्या घरात मी दोन भाडेकरू बसवलेत.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. या विषयात पाऊल ठेवलं की पहिल्यांदा हेच सांगतात, दोन्ही बाजू एकदम उघडू नका. मी एक बाजू तिसऱ्या प्रकरणात उघडली आणि दुसरी चौथ्यात. दर वेळी एकच उघडत होते, म्हणून पाचव्यात दोन्ही एकदम उघड्या आहेत हे दिसलंच नाही. चिन्हांत लिहिलं की ते चार अक्षरांत मावतं आणि डोळा त्यावरून घसरतो. तुला त्या पायरीवर उभं केलं तेव्हा मला तिथे बघावं लागलं.

बाईंसमोर ती ओळ वाचलेली आठवते. त्या "पुढे" म्हणाल्या होत्या. एका परीक्षकाचं मत आलंय. काम उत्तम म्हणतो, दोन स्वल्पविराम सुचवलेत. कुणाच्याही लक्षात आलेलं नाही. सांगितलं तर परीक्षा रद्द. ते प्रकरण नव्याने उभं करायला वर्ष जाईल, आणि कॉलेज काही माझ्यासाठी खुर्ची धरून बसणार नाही.

रोज डिपार्टमेंटला जाते. आमच्या खोलीत चार टेबलं आहेत, एक फळा आणि एक खिडकी, तिच्यासमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. मी भिंतीकडे बघते आणि संध्याकाळी घरी येते. काही न करून माणूस इतका दमतो हे मला माहीत नव्हतं.

बाबांना सांगू नकोस. काय करू असं विचारत नाहीये. पण लिहिलं नसतं तर तू त्या पोराला शोधत बसली असतीस.

मुंगी


१२ मार्च

मुंगे,

गप्प बस.

विचारलं नाहीस तरी सांगते. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात माझा जन्म गेला. डाग न निघालेली चादर आली की डाग आतल्या घडीत जायचा आणि वर पांढरी बाजू राहायची. बरे होणारे रोगी बरे झालेच. तूच मागे म्हणाली होतीस की साऱ्या जगात तुझ्या विषयाची माणसं गोळा केली तर एका बसमध्ये मावतील. मग ती बस तुझ्या चुकीने दरीत जाणार आहे का? कुठला पूल पडतोय, कुणाला चुकीचं औषध जातंय? तुझ्या बाई पुढे म्हणाल्या, परीक्षक उत्तम म्हणाला. एवढी शिकलेली माणसं गप्प आहेत, तर तुला कसली घाई?

परीक्षा दे, नोकरी घे. मग तिथे बसून सावकाश दुरुस्त कर. कोण नको म्हणतंय.

इथे मी सोफ्यावर आहे. सकाळी उठायच्या आत दारात गिऱ्हाईक उभं असतं आणि माझ्या पांघरुणावर कुणाचा तरी कोट येऊन पडतो. काल एका बाईने मलाच विचारलं, माझा ब्लाउज झाला का. मी म्हटलं, झाला, पण तुम्हाला होणार नाही. तुझी आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही, तेवढीच विश्रांती. कुरकुर करत नाही. सांगितलं.

तुझ्या बापाला काही बोलले नाही. त्याने डेपोत पेढे वाटायचा दिवसही ठरवलाय.

आजी


२ एप्रिल

आजी,

गप्प बसले.

तारीख आलीय, २४ एप्रिल. परवा बाईंकडे गेले. त्यांनी निम्मी पुस्तकं खोक्यांत भरलीत. गॅलरीत एक खुर्ची आणून ठेवलीय, निवृत्तीनंतर इथे बसणार म्हणाल्या, आणि मला तिच्यात बसवून बघितलं. सांगायचं वाक्य मी रस्ताभर घोकलं होतं. चहा झाला, दुसरा कप झाला. त्या म्हणाल्या, तुझं काम नीट पार पडलं म्हणून मी सुखाने जातेय. मी कप विसळून ठेवला आणि निघाले.

परीक्षेत बोलायचं ते रिकाम्या वर्गात फळ्यापुढे म्हणून बघते. सगळं नीट जातं. त्या ओळीशी आले की माझा आवाज आपोआप खाली येतो.

आजी, तू मला गप्प बस म्हणालीस ते माझ्यासाठी की त्या तळमजल्यावरच्या खोलीसाठी? रागावलीस तरी चालेल, पण खरं लिही.

मुंगी


८ एप्रिल

मुंगे,

दोघींसाठी. त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. मला दार लावता येईल अशी एक खोली हवीय आणि जिना नकोय. या वयात माणसाला दुसरं काय हवं असतं, ते मला कुणी सांगावं. तू मला गोड म्हातारी समजत असशील तर ती चूक तुझी, माझ्या गळ्यात घालू नकोस.

खरं लिही म्हणालीस, तर आणखी लिहिते. फेब्रुवारीतलं तुझं पत्र मी शेजारणीलाही वाचून दाखवलं होतं. तिला काही कळलं नाही, पण तिने दुसऱ्या दिवशी पुढचं आलं का म्हणून विचारलं. आताची पत्रं वाचून दाखवण्यासारखी नाहीत. कप विसळला, भिंत बघितली, घरी आले. असली पत्रं तुझी आईसुद्धा लिहू शकते.

आणि ते आवाज खाली येण्याचं. तुझ्या आजोबांचा आवाज असाच खाली जायचा. काय दडवलंय ते विचारायचं नाही आणि विचारलं तर सांगायचं नाही, असा संसार मी पुष्कळ वर्षं केलाय. पुन्हा तसल्याच माणसाबरोबर राहायला एवढं सामान बांधून कशाला यायचं? मला आधीच कमी ऐकू येतं.

माझं मत बदललेलं नाही. गप्प बसावं असंच मला वाटतं. पण ते मत आहे, हुकूम नाही. हुकूम तू माझा कधी ऐकलास?

पाठ दुखतेय. इथेच पुरे.

आजी


२९ एप्रिल

आजी,

सांगितलं. परीक्षा झाली नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाईंच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, पाचव्या प्रकरणातलं एक पान पुन्हा वाचायचंय. त्यांनी काही विचारलं नाही. चष्मा काढला आणि डोळे मिटले. मी वाचत गेले, त्या ओळीपर्यंत आले आणि थांबले. त्या "पुढे" म्हणाल्या नाहीत. मग मीच म्हटलं, "का?" आणि माझ्याकडे उत्तर नाही हे सांगितलं.

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "हिवाळ्यात ही ओळ ऐकली तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. 'का' म्हणणार होते. म्हटलं असतं तर आणखी एक वर्ष. मी फार थकले होते ग. म्हणून 'पुढे' म्हटलं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांनीही मला बोल लावला नाही. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, दिवसाच्या शेवटी बसमध्ये बसतात तशा. मग त्यांनी ऑफिसला फोन लावला आणि प्रबंध परत मागवला.

कॉलेजने दुसरा माणूस घेतला. पत्र सभ्य आहे.

पहिली चार प्रकरणं उभी आहेत. त्या गुणी ढकलण्यांपासून बांधलेला लहान ग्रुप आहे ना, तो वरच्या मोठ्या ग्रुपमध्येही बसतो आणि खालच्याही. बाई म्हणाल्या, त्या दोघांना एका छपराखाली कोंबायचा हट्ट सोड. ते वेगळेच राहू देत, लहान्याच्या मार्फत ते एकमेकांना किती ओळखतात तेवढं दाखव. ते जमेल असं वाटतं. वाटणं आणि दाखवणं यांत वर्ष जाईल. बाईंनी एक खोकं परत उघडलंय. आठवड्यातून दोनदा डिपार्टमेंटला येईन म्हणाल्या, जिने चढताना मात्र बोलू नकोस.

तुझी खोली गेली, आजी. बाकीचं पत्र मी एका बैठकीत लिहिलं. हे वाक्य लिहायला दोन दिवस लागले.

मुंगी


१७ मे

मुंगे,

उत्तर लगेच दिलं नाही. दिलं असतं तर तुला ते वाचवलं नसतं.

तुझ्या बापाने त्याच्या नावाने वेगळं आलेलं तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस जेवताना ताटाशी बोलत होता. मग त्याने आणि तुझ्या आईने बसून ठरवलं की विचारेल त्याला सांगायचं, परीक्षक आजारी पडले, तारीख पुढे गेली. तुझ्या आईने आजारही काढला, कावीळ. मी मधे पडले नाही. मला काय करायचंय.

परवा डेपोतले मोठे साहेब पँट आखूड करून घ्यायला आले. त्यांना माझ्या जुन्या खोलीत स्टुलावर उभं केलं. तुझी आई त्यांच्या पायाशी बसलेली, तोंडात टाचण्या. तुझा बाप दारात हात बांधून उभा, जणू साहेबांच्या पँटीचं उद्घाटन आहे. मी चष्मा शोधायला आत गेले होते. साहेबांचा आवाज मोठा, मलाही ऐकू येतो. त्यांनी विचारलं, काय, झाली का पोरगी डॉक्टर? तुझा बाप काहीतरी बोलला. शब्द मला ऐकू आले नाहीत, पण खोटं बोलताना त्याची मान कशी खाली जाते ते मी तो चालायला लागल्यापासून बघतेय.

मी म्हटलं, "कावीळबिवीळ काही नाही. तिच्या गणितात चूक होती. कुणाच्या लक्षात आली नव्हती. तिने आपण होऊन सांगितली आणि हातची नोकरी घालवली. आता वर्षभर दुरुस्त करणार."

तुझ्या आईच्या तोंडातून एक टाचणी पडली. साहेब स्टुलावरून मला म्हणाले, "कुणाच्या लक्षातच आली नव्हती, तर सांगितली कशाला?"

माणूस मूर्ख नाही. मीही तुला तेच लिहिलं होतं. म्हटलं, "ते तिला विचारा. मी असते तर सांगितली नसती."

ते हसले. मी हसले नाही, म्हणून मग तेही थांबले. पाय हलवता येत नव्हता, त्यामुळे बिचाऱ्यांना तिथेच उभं राहावं लागलं. जाताना तुझ्या बापाला म्हणाले, पोरगी आली की तिला डेपोत घेऊन ये, आमच्या लोकांना दाखवायची आहे. कशासाठी दाखवायची ते बोलले नाहीत. तुझ्या बापाला अजून कळलेलं नाही की हा मान होता की अपमान. तो मला म्हणाला, तुला मधे बोलायची काय गरज होती. गरज काही नव्हती.

काल मी खाट आत घेतली. एकटीने गॅलरीतून ओढत आणली तेव्हा तुझ्या आईने तोंड वाकडं केलं, मग स्वतःच येऊन दुसरं टोक धरलं. मशीन सरकवलं, कापायचं टेबल भिंतीला लावलं, तेव्हा कुठे ती बसली. आता मशीन माझ्या उशाशी आहे. सकाळी ते सुरू झालं की मी उठते. कुणी कपडे बदलायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडते. पेट्या सोडलेल्या नाहीत. लागेल तेवढं वरवरचं काढते.

मी रागावलेय का असं विचारलं नाहीस, ते बरं केलंस. रागावलेय. पुन्हा जिने, पुन्हा माणसं, पुन्हा दुसऱ्याच्या वेळेवर चहा.

वर्षभर अशी काढीन. त्याच्या वर मला जमणार नाही.

आजी